खंडेनवमीला मोजलेला आवाज

मुळ्यांनी माझं नाक कापलं, तिथूनच सुरुवात करते.

आमच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाच्या प्रत्येक मुलाला एक संशोधन प्रकल्प करावा लागतो. 'प्रकल्प' हा शब्द फक्त फाइलच्या मुखपृष्ठावर, बाकी सगळं जग प्रोजेक्टच म्हणतं. विषय रसायनशास्त्र असो, समाजशास्त्र असो की मराठी, स्वतःला पडलेला एक प्रश्न घ्यायचा, त्याचं उत्तर स्वतः शोधायचं आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर उभं राहून सांगायचं. हा सगळा गाडा हाकायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. शिकवायचे मी भौतिकशास्त्र, पण कॉलेजात मला सगळे ओळखायचे ते 'प्रोजेक्टवाल्या मॅडम' म्हणूनच. माझ्या रागाचीही ख्याती होती. ती खरी आहे, नाकारत नाही.

तर मुळे. वनस्पतिशास्त्राच्या तीन मुलांना पवनेचं पाणी किती घाण झालंय ते सिद्ध करायचं होतं. एका रांगेतल्या कुंड्यांना नळाचं पाणी, दुसऱ्या रांगेला नदीचं. निष्कर्ष पठ्ठ्यांनी आधीच लिहून ठेवला होता. मीही हौसेने प्राचार्यांना बघायला बोलावलं. त्यांनी हिरव्यागार, टपोऱ्या पानांच्या रांगेकडे बोट केलं आणि म्हणाले, "वा! हे नळाच्या पाण्याचे ना?" ते नदीच्या पाण्याचे होते. सांडपाण्याचं खत मिळून मुळे नुसते फोफावले होते आणि नळाचं शुद्ध पाणी पिणारे बिचारे माना टाकून बसले होते.

"मॅडम, निकाल चुकला," पोरं रडकुंडीला आली.

"निकाल चुकत नसतो रे. आपली इच्छा चुकते. आता हे असं का झालं ते शोधा, तोच तुमचा प्रोजेक्ट."

तोंडाने हे म्हटलं खरं, पण मनातून माझाही चेहरा पडला होता. पुढच्या आठवड्यात त्यातले बरेच मुळे कुंड्यांतून गायब झाले आणि कॅन्टीनमध्ये मुळ्याची कोशिंबीर आली. मी ती खाल्ली नाही.

माझ्या धंद्यातलं सगळं शहाणपण या मुळ्यांत आहे. हवं तेच उत्तर आलं तर आधी संशय घ्यायचा, आणि नको ते आलं तर त्याला चहा पाजून बसवून घ्यायचं. दुसरं शहाणपण म्हणजे माणसं. पाहणीला बाहेर पडलेल्या मुलांना वाटतं, आपण प्रश्न विचारला की लोक उत्तर देणार. लोक काय वाट्टेल ते देतात. पिंपरी कॅम्पातल्या एका कापडवाल्याने आमच्या कॉमर्सच्या मुलीची प्रश्नावली भरता भरता तिलाच दोन ड्रेस विकले. इतिहासाच्या एका मुलाने गावचा इतिहास म्हणून सबंध फाइलभर आपल्या पणजोबांचे पराक्रम लिहिले. मी पुरावा मागितला तर म्हणाला, "मॅडम, गावात कुणालाबी इचारा." गावात सगळी त्याचीच भावकी.

पण आज सांगायचंय ते साक्षीबद्दल.

साक्षी माझ्या वर्गात आली तेव्हा मला आधी ती दिसली नाही, ऐकू आली. आवाज असा की जिन्यात बोलली तर प्रयोगशाळेत काचेची भांडी हलावीत. साधं "मॅडम, येऊ का?" सुद्धा मोर्चातल्या घोषणेसारखं. मुलांनी तिचं नाव 'भोंगा' ठेवलं होतं. आमच्या भागात शिफ्ट बदलताना कंपनीचा भोंगा होतो ना, तो. तीन वर्षं मी तिला दिवसातून एकदा तरी झापलं असेल. "अगं, हळू बोल! मी काय डोंगरावर उभी आहे का?" ती "सॉरी मॅडम" म्हणायची. तेही ओरडूनच.

तिसऱ्या वर्षी ती प्रोजेक्टचा विषय घेऊन आली. चाकणच्या एका कंपनीतल्या प्रेस शॉपमधला आवाज मोजायचा. प्रेस शॉप म्हणजे जिथे पत्रा दाबून गाडीचे भाग काढतात. एकेक प्रेस दुमजली घराएवढी, आणि दर ठोक्याला पायाखालची जमीन हादरते. साक्षीचे वडील तिथे प्रेसवर होते. अंबाजोगाईकडून लग्नाआधीच इकडे आलेले, सगळी हयात त्या ठोक्यांत गेलेली.

"विषय चांगला आहे," मी म्हटलं. "पण हाच का?"

पहिल्यांदाच ती जरा खाली बघून बोलली. "मॅडम, पप्पांना ऐकू येत नाही. आणि ते मान्य करत नाहीत. परवा तळेगाव रोडवर मी मागे बसले होते गाडीवर. पाठीमागून ट्रेलर हॉर्न देत होता, देतच होता. पप्पा मधूनच चालले होते. मी खांदा ओढला म्हणून वाचलो."

"कंपनीत तपासणी नसते का?"

"दरवर्षी असते. आवाज आला की बोट वर करायचं. पप्पा तपासणाऱ्याच्या हाताकडे बघतात. त्याने बटण दाबलं की हे बोट वर. पास!"

मला हसू आलं. कानात घालायची बुचं कंपनी देत होती, पण ती त्यांच्या गळ्यात ताइतासारखी लोंबायची. बुचं घातली की प्रेसचा ठोका कळत नाही, आणि ठोक्यावरूनच प्रेसची तब्येत कळते, असं त्यांचं म्हणणं. कान गेलेत हे कागदावर आलं तर प्रेसवरून काढतील आणि पॅकिंगला बसवतील, ही खरी भीती. प्रेसवरचा माणूस पॅकिंगला म्हणजे पैलवानाला भाजी निवडायला बसवल्यासारखं. साक्षीला वाटत होतं, आवाजाचे आकडे छापील कागदावर, कॉलेजच्या शिक्क्यानिशी समोर ठेवले की पप्पा डॉक्टरकडे येतील.

एकटीने जमणारं नव्हतं म्हणून मी तिला जोडीदार दिला. समाजशास्त्राचा ओंकार. चिखलीच्या जुन्या शेतकरी घरातला, शेताच्या जागी आता इमारती, स्वारी बुलेटवरून कॉलेजला येणार. अभ्यासाशी वैर नव्हतं, पण फारशी ओळखही नव्हती. "मॅडम, माझं काय काम?" त्याने विचारलं. म्हटलं, "ती आवाज मोजेल, तू माणसं बघ." "व्हय, त्ये जमंल," म्हणाला.

आता कंपनीत शिरायचं कसं? कॉलेजची विनंतीपत्रं गेली. गेटवरचा माणूस ती घेऊन ठेवायचा आणि पुढे काही नाही. शेवटी साक्षीनेच तोड काढली.

"मॅडम, खंडेनवमीला फॅमिलीला आत सोडतात!"

मी टाळीच वाजवली. आमच्या या पट्ट्यात खंडेनवमी म्हणजे कंपन्यांचा सण. मशीनची पूजा, झेंडूच्या माळा, पेढे, आणि वर्षातून एकदा बायकापोरांना नवरा-बाप कुठे उभा राहतो ते बघायला मिळतं. साक्षीच्या वडिलांना आम्ही एवढंच सांगितलं की कॉलेजचं काहीतरी मोजायचंय. माणूस मोठा दिलदार. गेटवर रखवालदाराने अडवलं तर बिनदिक्कत म्हणाले, "ही माझी मोठी बहीण, निगडीला असती. आन् ह्यो भाचा." रखवालदाराने माझ्याकडे पाहिलं, भाच्याच्या बुलेटकडे पाहिलं आणि सोडलं. 'मोठी' म्हणायची काही गरज नव्हती, असं मला वाटून गेलं.

आत गेलो. साक्षीने आवाजमापक यंत्र काढलं, मी चष्मा पुसला, ओंकारने मोबाइल सरसावला. आणि तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

सगळ्या प्रेस बंद!

बंदच असणार ना! खंडेनवमीला हत्यारं पूजेला बसवतात, चालवत नाहीत. हे शेंबडं पोरही सांगेल. मी आमच्या ह्यांच्या कंपनीत वर्षानुवर्षं खंडेनवमीचे पेढे खाल्लेत, हळदीकुंकू लावून थंडगार पडलेल्या लेथ मशीनला नमस्कार केलेत. साक्षी लहानपणापासून त्याच प्रेसला हार घालत आलेली. ओंकारच्या घरी तर ट्रॅक्टरपासून बुलेटपर्यंत सगळं त्या दिवशी पूजेला. आणि आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. आवाज मोजायला अख्ख्या वर्षातला एकमेव शांत दिवस आम्ही शोधून काढला होता. आमच्या वाचनालयात यापेक्षा जास्त गोंगाट असतो.

साक्षीच्या डोळ्यांत पाणी आलं. "संपला मॅडम प्रोजेक्ट," ती म्हणाली. म्हणजे ओरडली. पण गंमत म्हणजे तिथे कुणी वळून पाहिलंही नाही.

ओंकार मात्र एका बाजूला पेढा खात उभा होता. जवळ येऊन म्हणाला, "मॅडम, मशीन तर बंद हायेत. मग ही माणसं वरडत्यात का?"

मी कान दिला. खरंच की! प्रेस शॉपची माणसं एकमेकांपासून हातभर अंतरावर उभी राहून ओरडत होती. "पेढा घेतला का रेऽ!" "घेतलाऽ!" आणि नुसती ओरडत नव्हती, हातांनीही बोलत होती. एकाने मिशीला पीळ दिला, तसे दुसऱ्याने लगेच टोपी सरळ केली, कारण मागून सुपरवायझर येत होता. एकाने मनगटावर दोन बोटं आपटली. साक्षी म्हणाली, "म्हणजे ओव्हरटाइम." उघडा पंजा आडवा फिरवला की 'बंद'. साक्षीला सगळं येत होतं. त्यांच्या घरात जेवताना मीठ असंच मागतात, असं तिने सांगितलं. त्याच हॉलमध्ये ऑफिसची आणि स्टोअरची माणसं चारचौघांसारखी बोलत होती.

मुळे आठवले मला. नको ते उत्तर समोर येऊन बसलं होतं, त्याला चहा पाजायचा होता.

"साक्षी, डोळे पूस. मशीनचा आवाज नाही, माणसांचा मोज. सारखं अंतर, सारखा प्रश्न. सगळ्यांना विचार, दिवाळीला गावी जाणार का? आधी प्रेसवाले, मग ऑफिसवाले. ओंकार, तू खुणा टिप."

दुपारपर्यंत पोरं माणसामागून माणूस धरत होती. लोकांना कोण कौतुक! ओंकारला तर एका काकांनी शिव्यांच्या खुणाही शिकवल्या. त्या फाइलमध्ये घेता येणार नाहीत, असं मी त्याला सांगितलं, तर म्हणाला, "न्हाई मॅडम, त्या घरगुती वापराला." मशीन बंद असतानाही ज्यांच्यासाठी ती चालूच असतात, अशा माणसांचा प्रोजेक्ट तयार झाला. परत येताना साक्षी बसमध्ये गप्प होती. नेहमी तिला गप्प करायला मी किती आटापिटा करायची, त्या दिवशी मला ते बघवेना.

प्रोजेक्टच्या प्रदर्शनाला घरच्यांना बोलवायची आमच्याकडे पद्धत आहे. साक्षीचे वडील इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या रांगेत येऊन बसले. मला बघून हात जोडले. "ताई, बरं हाय ना?" गेटवरचं नातं त्यांनी सोडलं नव्हतं.

साक्षीने छान मांडलं. तिच्या आवाजाला माइकची गरजच नव्हती. ओंकारने खुणा करून दाखवल्या, हशा पिकला. बाहेरचे परीक्षक चष्म्यावरून बघणारे, बारीक आवाजाचे गृहस्थ होते. त्यांनी नेमकं बोट ठेवलं. "हे लोक मोठ्याने बोलतात ते सवयीनेही असेल. कान गेलेत हे यावरून कसं म्हणता?"

"नाही म्हणता येत, सर," साक्षी म्हणाली. "एवढ्यावरून सिद्ध होत नाही. त्यासाठी प्रत्येकाचे कान तपासायला हवेत. पण लोक तपासायला तयार नसतात."

उत्तर प्रामाणिक होतं. मला अभिमान वाटला. तेवढ्यात मागच्या रांगेतून तिच्या वडिलांनी हात हलवला. तळवा वर, बोटं फिरवली. साक्षीनेही बोलता बोलता हवेत दोन बोटं हलवून उत्तर दिलं.

"हे काय चाललंय?" परीक्षकांनी विचारलं.

ओंकार पटकन म्हणाला, "सर, ते इचारतायत, साहेब काय बोलले. ऐकू न्हाई आलं त्यांना." आणि जीभ चावली.

परीक्षकांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. भला माणूस. आता शेवटी एक छोटं प्रात्यक्षिक होतं. लॅपटॉपवरून एकेक सूर वाजवायचा, दर वेळी आधीपेक्षा वरच्या पट्टीतला, आणि ज्याला ऐकू येईल त्याने हात वर करायचा. डोळे मिटून, कारण उघडे असले की माणूस शेजाऱ्याचं बघून हात वर करतो. ही अट माझी होती. वडील तिथे बसलेले असतील, हे आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत, कारण मला मोजायचं होतं. पहिल्या सुराला सगळे हात वर. दुसऱ्याला वर. तिसरा सूर बारीक, रातकिड्यासारखा. सगळ्या खोलीचे हात वर. मागच्या रांगेतला एक खाली. साक्षीचे वडील डोळे घट्ट मिटून, मान पुढे काढून, देवळात बसल्यासारखे वाट बघत होते.

साक्षीने सूर बंद करायला हवा होता. ती वडिलांकडेच बघत राहिली. बराच वेळ काहीच होत नाही म्हटल्यावर त्यांनी डोळे उघडले. आजूबाजूला बघितलं. पुढे, शेजारी, सगळ्यांचे हात वर. प्राचार्यांची म्हातारी आई आली होती, तिचाही.

मला वाटलं, आता हा माणूस उठून जाणार, आणि आयुष्यात पुन्हा पोरीशी धड बोलणार नाही. कुठून ही अट घातली, असं झालं मला.

ते उठले. साक्षीकडे बघून त्यांनी उघडा पंजा आडवा फिरवला. बंद. मग खणखणीत आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नाही आला मला." थांबले आणि म्हणाले, "बाकीच्यांना काय आला, ते तरी सांग की बाई. कसा हाय आवाज?"

साक्षी रडत रडत खाली उतरली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन तिने तो सूर स्वतः काढून दाखवला. फारच बेसूर होता. परीक्षकांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. मी तर सरळ रडले. राग काय, रडू काय, मला काहीच आवरत नाही.

दुसऱ्याच आठवड्यात ते पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात गेले. या खेपेला तपासणाऱ्याच्या हाताकडे पाठ करून बसले, असं साक्षीने सांगितलं. पुढे ज्याची भीती होती तेही झालं, प्रेस सुटली. पॅकिंगला नाही बसवलं, नव्या पोरांना शिकवायला घेतलं. पोरगा आत आला की आधी त्याच्या कानातली बुचं तपासतात म्हणे. गळ्यात लोंबताना दिसली की असा आवाज लावतात की बुचं घालावीशीच वाटतात. तरी प्रेस सुटल्याचं त्यांना वाईट वाटलंच. अजून वाटतं. ठोक्यावरून तब्येत ओळखणारा माणूस तो, त्याचं दुःख कानाला लावलेल्या यंत्राने भरून निघत नाही. आणि तीन वर्षं 'हळू बोल, हळू बोल' म्हणून मी त्या पोरीच्या मागे लागले होते, त्याची मला रुखरुख आहे.

मी निवृत्त झाले. त्यानंतरच्या भाऊबीजेला सकाळीच दारात बुलेट वाजली. ओंकार, मागून मोटारसायकलवर साक्षी आणि तिचे वडील. वडिलांच्या दोन्ही कानांत यंत्रं, अंगात तोच इस्त्रीचा शर्ट.

"गेटवर बहीण म्हणून नेलं, ताई," ते म्हणाले. "रखवालदाराला खोटं ठरवून कसं चालंल?"

मी पाट मांडला, निरांजन लावलं. आमचे हे चकल्या घेऊन आले. गप्पा सुरू झाल्या. यंत्र लावल्यापासून बायको घरात काय काय बोलते ते कळायला लागलंय आणि ते फार काही चांगलं नाही, असं त्यांनी सांगितलं. साक्षी आता पुण्याला एम.एस्सी. करत होती. शेजारी बसून ती मला काहीतरी सांगू लागली.

"काय?" मी म्हटलं.

ती पुन्हा बोलली.

"अगं, मोठ्याने बोल की! तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तिचे वडील हसत म्हणाले, "ताई, ती आता अशीच बोलती. घरात वरडायची गरज राहिली नाही ना."

"पण मॅडम, मी इतकं हळू नाही बोलले," साक्षी म्हणाली. हे मला ऐकू आलं, कारण ते ती जुन्या आवाजात म्हणाली.

"काहीतरीच! माझे कान चांगले ठणठणीत आहेत. सकाळी कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते सुद्धा..."

"शिट्टीला तू उठतेस ते मी हाक मारतो म्हणून," आमचे हे म्हणाले.

साक्षीने पर्समधून मोबाइल काढला. माझ्याकडे बघून गोड हसली. इतक्या वर्षांत पोरांना धारेवर धरलं, त्याचा सूड उगवतात ती अशी. "मॅडम, डोळे मिटा. आवाज आला की हात वर."

मी मिटले. पहिल्याला हात वर केला, दुसऱ्यालाही केला, ऐटीत. मग वाट बघत बसले. निरांजनाचा वास येत होता. बाहेर कुणाचा तरी फटाका झाला. ही पोरगी सूर लावायचा विसरली की काय, असं वाटून मी डोळे उघडले.

सगळ्यांचे हात वर होते. ओंकारचा, साक्षीचा, आमच्या ह्यांचा सुद्धा. आणि पाटावर बसलेल्या माझ्या भावाचा हात तर सगळ्यांत उंच.

"नाही आला मला," मी म्हटलं.